घारी हाकलणाऱ्याची दुर्बीण

मित्रांनो, बळीराम ठवकरला पहिली मुलगी झाली आणि तिचे नाव नंदिनी ठेवले. त्या बारशाला आठ दिवस झाले असतील-नसतील, तेव्हा मी त्या घरात आले. सालाचा आकडा मला सांगता येत नाही. पण त्या नंदिनीची मुलगी वैभवी आता नववीत आहे, यावरून माझे वय तुम्हीच काढा.

मी दुर्बीण आहे. पितळेच्या दोन नळ्या, त्यांच्यावर काळे कातडे आणि मधे फिरवायचे एक चाक. माझे पहिले मालक नागपूरच्या विमानतळावर साहेब होते. बदली होऊन जाताना त्यांनी मला बळीरामच्या गळ्यात घातले आणि म्हणाले, "तुझे काम डोळ्यांचे आहे. ही तुझ्याकडेच शोभेल."

बळीराम पक्षी हाकलायचा. हसू नका. विमान उतरताना एखादी घार त्याच्या यंत्रात शिरली, तर आत बसलेल्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. म्हणून धावपट्टीच्या कडेला माणूस उभा करतात. त्याच्या हातात फटाके असतात आणि गळ्यात दुर्बीण. पावसाळ्यात धावपट्टीवर गांडुळे निघत, त्यांच्यामागे बगळे आणि टिटव्या येत. उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजले की जमीन तापे आणि घारी गोल गोल वर चढत. विमान यायच्या आधी बळीराम मला डोळ्यांना लावून सगळे आभाळ विंचरून काढी. मग वायरलेसवर म्हणे, "आभाळ साफ." त्याच्या या दोन शब्दांवर विमान खाली येई. असे एकतीस वर्षे चालले. त्या काळात त्याच्या पाळीला एकाही विमानाला घार लागली नाही. साहेब लोक म्हणत, बळीरामचे डोळे म्हणजे डोळे.

माझे नाव कोणी घेत नसे.

मित्रांनो, आता खोटे कशाला बोलू? मी हेवेखोर आहे. दुर्बिणीचे नशीबच तसे. आरशाकडे माणूस पाहतो, घड्याळाकडे पाहतो, साध्या कॅलेंडरकडेही पाहतो. माझ्याकडे कोणी पाहत नाही, माझ्यातून पाहतात. बळीरामच्या पापण्या माझ्या काचेला लागत, त्याचा घाम माझ्या कातड्यात मुरे, आणि त्याचे लक्ष मात्र दूरच्या एखाद्या घारीवर असे. मला त्या घारींचा हेवा वाटे. विमानांचा तर त्याहून जास्त. ती दोन मिनिटांसाठी येत आणि तो त्यांच्याकडे आपले मूल परत आल्यासारखा पाही.

मला एकच समाधान होते. त्याची बायको पार्वतीबाई माझा हेवा करी.

ती म्हणे, "सुट्टीच्या दिवशीबी गळ्यात अडकवून बसता तिले. माह्याकडं कधी इतकं टक लावून पाह्यलं का तुमी?"

"तुह्याकडं पाहाले दुर्बीण कशाले लागते वं?" बळीराम म्हणे. "तू तं गल्लीच्या तोंडाशी आली का आवाजावरूनच समजते."

बळीराम निवृत्त झाला. मनीषनगरात छोटे घर बांधले. तिथे गच्चीवरून विमाने उतरताना दिसत. काही वर्षे तो मला घेऊन रोज गच्चीवर जाई. पुढे गुडघे दुखू लागले, जिना नको वाटू लागला, आणि मी बैठकीतल्या खिळ्यावर टांगली गेले. तिथे मला धूळ बसली. तरी मी मनात म्हणे, बसू दे. दुसरी तर कोणी आली नाही ना?

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात अकोल्याहून नंदिनी, तिचा नवरा अंकित आणि वैभवी सुट्टीला आले. वैभवी विमानवेडी. तिने वहीच्या पानावर तीन दिवसांची सहल आखून आणली होती. पहिल्या दिवशी विमानतळाच्या कुंपणाबाहेरून उतरणारी विमाने पाहायची. दुसऱ्या दिवशी चबुतऱ्यावर ठेवलेले जुने लढाऊ विमान पाहायचे आणि त्याच्यासमोर डबा खायचा. तिसऱ्या दिवशी वायुसेनेच्या विमानांच्या कसरती. पानाच्या वर तिने लिहिले होते, 'मार्गदर्शक : आबा'.

शेजारच्या कांताबाईने ऐकले आणि कपाळाला हात लावला. "लोक नागपूरले येऊन ताडोबाचा वाघ पाहाले जातात, अन् तुमी विमान? वाघ तरी जिता असते."

"वाघ झोपून राहते, कांताबाई," बळीराम म्हणाला. "विमान वेळेवर येते."

वैभवीने मला खिळ्यावरून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि आबांच्या गळ्यात घातले. किती दिवसांनी त्या गळ्याची ऊब मिळाली! मला वाटले, माझे दिवस परतले.

कुंपणाशी आम्ही साडेनऊला पोहोचलो. दूर एक विमान दिसू लागले. बळीरामने मला डोळ्यांना लावले आणि एकदम त्याचे हात ताठ झाले.

"घारी," तो म्हणाला. "पाच-सहा घारी हायेत गा तिथं. विमान उतरून राह्यलं अन् कोनाचं ध्यान नाही. अरे, फटाका तं फोडा कोनी."

अंकितने वर पाहिले. "मामाजी, कुठं आहे घार? मले तं एकबी दिसत नाही."

"त्या काय, समोर. खालीवर होऊन राहिल्या."

विमान शांतपणे उतरले. आभाळात काही नव्हते. मित्रांनो, मी स्वतः पाहत होते, माझ्या काचेत स्वच्छ निळे आभाळ होते. ते काळे ठिपके माझ्यात नव्हते. बळीरामने चाक इकडे फिरवले, तिकडे फिरवले, काचा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसल्या, पुन्हा पाहिले. मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघून तो हसला आणि म्हणाला, "हे दुर्बीण गेली. भिंगाले डाग पडले. जुनी झाली आता."

एवढ्या वर्षांत त्याने माझ्याबद्दल चार लोकांत काढलेला हा पहिला शब्द.

दोष माझा नव्हता. त्याचे डोळे जात होते. हे फक्त मला कळले, आणि मला तोंड नव्हते.

त्याच संध्याकाळी अंकित सीताबर्डीला गेला आणि नवी दुर्बीण घेऊन आला. काय तिचा डौल! अंगाला काळे रबर, वजनाला हलकी, काचेला जांभळी झाक, आणि पुढच्या दोन्ही काचांना दोरीने बांधलेली चकचकीत झाकणे. सगळे तिच्याभोवती जमले. तिच्याकडे पाहत होते, मित्रांनो, तिच्यातून नव्हे. पार्वतीबाईसुद्धा म्हणाली, "देखणी हाये." माझ्या अंगाची लाही झाली. मी देवाजवळ मागितले की हिच्या काचा तडकू दे, हिचे चाक अडकू दे, हिच्यातून बळीरामला काही म्हणता काही दिसू नये.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या गळ्यात होती. जुन्या लढाऊ विमानासमोर त्याने ती एकदाच डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. मला वैभवीने आपल्या गळ्यात घातले होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता. नव्या दुर्बिणीतही त्याला त्याच घारी दिसल्या असणार. आता दोष द्यायला दुसरी दुर्बीण उरली नव्हती. पण मी एवढा विचार केला नाही. ती त्याला आवडली नाही, एवढेच मला दिसले, आणि मी खूश झाले. डबा खाताना तो पार्वतीबाईला म्हणाला, "झकास दिसते हिच्यातून." तिने विचारले, "मंग पाहून काहून नाही राहिले?" तो म्हणाला, "डोये भरले पाहून."

तिसरा दिवस कसरतींचा. मैदानावर माणूसच माणूस. शेंगदाणे, संत्री, टोप्या, झेंडे, सगळे विकायला आलेले. पहिली विमाने आली तशी माणसे उभी राहिली. बळीरामनेही नवी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि मान वर केली.

"वा," तो म्हणाला. "काय दिसून राहिलं, वा."

वैभवी माझ्यातून विमाने पाहत होती. एक फेरी संपली, आभाळ थोडा वेळ रिकामे झाले, तेव्हा तिला गंमत सुचली. तिने मला आबांकडे वळवले. आबांचा चेहरा आमच्यापुढे एवढा मोठा झाला. आणि आम्हा दोघींना एकदमच दिसले. नव्या दुर्बिणीच्या दोन्ही काचांवर झाकणे होती. तो मिट्ट अंधारात पाहत होता आणि वा म्हणत होता.

मित्रांनो, मला आनंद झाला. ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आधी मला आनंदच झाला. बघा तुमची देखणी, मी मनात म्हटले.

वैभवी हसत त्याच्याजवळ गेली. "आबा, झाकणं तं काढा. काय पाहून राहिले तुमी?"

त्याने दुर्बीण खाली घेतली नाही. हळू आवाजात म्हणाला, "माहीत हाये मले. राहू दे."

"काहून?"

"उघडं पाह्यलं का घारी दिसतात. विमानाच्या म्होरं घार दिसली का माहा हात फटाक्याकडं जाते, वैभवी. एकतीस वर्साची सवय हाये. झाकन असलं म्हंजे घार नाही दिसत. मंग विमानाचा आवाज आयकता येते निवांत."

वैभवीचे हसू गेले. "घारी नाहीतच आबा. त्या तुमच्या डोळ्यात आहेत."

"माहीत हाये म्हनलं नं. काल समजलं." त्याने इकडेतिकडे पाहिले. "तुह्या आजीले सांगू नको. लोक म्हनतील, बळीरामचे डोये गेले."

दुसरी तुकडी येत असल्याची घोषणा झाली. वैभवीने मला डोळ्यांना लावले आणि एका हाताने आबांचा हात धरला.

"नऊ आहेत आबा. डाव्या अंगानं येऊन राहिले."

"डाव्या अंगानं नको सांगू," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, धावपट्टीवरचा झाला होता. "डाव्या अंगाले अर्धं आभाळ राहते. घड्याळाचा आकडा सांग. नाकासमोर बारा."

"दहा वाजता, आबा. उंच. आता अकरा. आता खाली येऊन राहिले, एकाला एक चिकटून."

"म्होरं काय हाये?"

"काही नाही."

"नीट पाह्य. घार?"

तिने मला सावकाश फिरवले, इकडून तिकडे, सगळे आभाळ. तो फिरवी तसेच. माझ्यात निळ्या रंगाशिवाय काही नव्हते.

"एकबी नाही, आबा. आभाळ साफ."

मग त्याने ती झाकण लावलेली दुर्बीण खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. विमाने आमच्या डोक्यावरून गेली. तो हसत होता. त्याने वैभवीचे मनगट घट्ट धरले होते, आणि मला त्या मनगटाचा हेवा वाटला. आयुष्यभर मी त्याला आभाळ दाखवले, आणि असा विश्वास त्याने टाकला तो एका पोरीच्या शब्दावर.

वैभवीने सांगायचे नाही ते घरी जाताच आईला सांगितले. बळीराम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. "चुगलखोर," एवढे म्हणाला. पार्वतीबाईने स्वतः त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले, साखरेने डोळ्यांच्या पडद्यातून रक्त पाझरते आहे, काळे ठिपके दिसतात ते त्याचेच. वर्षभर आधी आला असता तर दोन्ही डोळे राहिले असते. आता उजवा तेवढा थोडा वाचवता येईल. तो थोडा वाचला. ताट आणि माणसे त्याला अखेरपर्यंत दिसत होती.

नव्या दुर्बिणीला नंदिनी अकोल्याला घेऊन गेली. मी पुन्हा खिळ्यावर आले. मला वाटले होते की ती गेल्यावर माझा हेवा संपेल. तो संपला नाही. पण त्या मैदानावरचा माझा क्षणभराचा आनंद आठवला की मला तोंड लपवावेसे वाटते. माझ्या माणसाचे डोळे जात होते आणि मी दुसरीच्या फजितीने खूश झाले होते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातले म्हातारे माणूस म्हणाले की चष्मा बिघडला, टीव्ही पुसट झाला, बल्ब मंद लागला, तर लगेच नवी वस्तू आणू नका. आधी ती वस्तू तुम्ही स्वतः डोळ्यांना लावून पाहा. तुम्हाला स्वच्छ दिसले, तर त्या माणसाचा हात धरा आणि त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. तो रागावेल. रागावू द्या.

बळीराम चंद्रभान ठवकर यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळी नऊ वाजता मनीषनगरच्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर होते.