पाऊस सरू दे

बायडीने डोक्यावरची भाजीची टोपली ओट्यावर उतरवली आणि ती मैनाबाईच्या मागोमाग घरामागच्या मोकळ्या जागेत आली. दहा बाय बाराचा तुकडा. त्यात घोटाभर पाणी साचलं होतं आणि वांग्याची रोपं पिवळी पडून माना टाकून उभी होती.

"कवा लावलीस?"

"मिरगाला. आमच्याकडं तवाच पेरत्यात."

"तुमच्याकडं पाऊस पडतो का पण?"

मैनाबाईने जरा विचार केला. "पडतो म्हणायचं."

बायडीने एक रोप उपटलं. मूळ काळं पडून कुजलं होतं. "इथं पावसात येल घालतात, बाय. काकडी, शिराळा, मांडवावर चढवायचा. वांगा, मुळा, वाल आता नाय. पाऊस सरू दे. आमी भात कापू ना, तवा लाव."

"म्हंजे अजून तीन महिनं?"

"हां. थांब जरा. जमिनीला पण दम लागतो."

टोपली उचलून ती पुढच्या घराकडे गेली. ती रोज मासवणहून भाजी घेऊन बोईसरला येई. तिच्या हातचं कधी कुजलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मैनाबाई तशीच उभी राहिली. थांबणं तिला नवीन नव्हतं. धाराशिवकडून लग्न होऊन ती इथे आली तेव्हापासून ती थांबतच आली होती. नवरा खंडेराव कारखान्यात बॉयलरवर, त्याची पाळी सुटेपर्यंत थांबायचं. नळाला पाणी येईपर्यंत थांबायचं. मग ती स्वतःच औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. बावीस वर्षं उभ्याने गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरली, ठेकेदाराची माणूस म्हणून. मार्चमध्ये नवीन मशीन आलं आणि सुपरवायझरने सांगितलं, "मावशी, उद्यापासून नका येऊ." ती घरी आली आणि दोन दिवस नुसती झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन मागे गेली.

लहानपणी तिने दुसऱ्यांच्या रानात खूप खुरपलं होतं. पण स्वतःचं म्हणून काही लावलं नव्हतं. एप्रिलमध्ये मेथी-कोथिंबीर टाकली. बोटभर वर आली आणि आठ दिवसांत उन्हाने करपून गेली. त्यानंतर ही वांगी.

"सोड की नाद," खंडेराव म्हणाला. त्याला अलीकडे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. "बाजारात धा रुपयाला जुडी मिळतीय."

तिने नाद सोडला नाही, पण काही लावलंही नाही. पाऊस कोसळत राहिला, ती खिडकीतून त्या तुकड्याकडे बघत राहिली.

सप्टेंबरअखेर खंडेराव रिटायर झाला आणि पुढच्याच रविवारी मुलगा इंद्रजीत चाकणहून आला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. घराला गिऱ्हाईक होतं. त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. त्याची मुलगी राजनंदिनी सहा महिन्यांची झाली होती आणि बायकोला, रूपालीला, कामावर परत जायचं होतं.

"दसऱ्याला शिफ्ट होऊ," तो म्हणाला. "आण्णांच्या छातीलाही तिकडची हवा बरी."

खंडेराव होकाराची मान हलवत होता. मैनाबाईने चहाची कपबशी खाली ठेवली.

"संक्रांतीनंतर जाऊ."

"का? इथं काय आहे आता?"

"भाजी लावायचीय मला."

इंद्रजीतने आधी वडिलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आई, भाजीसाठी तीन महिने थांबायचं?"

"व्हय."

तिचा आवाज चढला नव्हता. पण एवढ्या वर्षांत तिने कुणाला स्वतःसाठी थांबायला सांगितलेलं त्या दोघांनीही ऐकलं नव्हतं. इंद्रजीत वैतागून ओट्यावर गेला आणि त्याने रूपालीला फोन लावला. थोड्या वेळाने फोन मैनाबाईच्या हातात दिला.

"आई, या तुम्ही सावकाश," रूपाली म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता, मागे बाळ रडत होतं. "माझी आई येऊन राहील तोवर."

मैनाबाईला त्या थकव्याची लाज वाटली. तरी ती "बरं" एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरात मासवणला भात कापणीला आलं तसं बायडीने रोपं आणि बी आणून दिलं. पाणी साचू नये म्हणून तिने वाफे उंच करायला शिकवलं. मुळा चाळीस दिवसांत भरला. माठ दोनदा खुडून झाला. डिसेंबरात वांगी धरली. पहिल्या भाजीला खंडेरावाने आणखी एक भाकरी मागून घेतली. नंतर तो सकाळी खुर्ची घेऊन मागे बसू लागला. धाप लागली की मागे टेकून बसायचा, ती खुरपत राहायची.

संक्रांत झाली. वालाच्या शेंगा अजून चपट्या होत्या, दाणा भरायला पंधरा दिवस तरी हवे होते. पण शब्द दिलेला होता. सकाळी टेम्पो आला. घर घेणाऱ्याचा माणूस टेप घेऊन मागच्या जागेचं माप काढत होता.

"मावशी, काय असेल ते काढून घ्या," तो म्हणाला. "परवा इथं कोबा होणार. गाडी लावायचीय साहेबांना."

बायडीही आली होती. "ही वांगी मुळासकट नेऊन तुझ्याकडं लावलीस तर?" मैनाबाईने तिला विचारलं.

"नाय जगायची, बाय. फळावरची हायत, आता नाय धरणार."

मैनाबाईने मान डोलावली. बाहेर इंद्रजीतने दोनदा हॉर्न वाजवला. तिने बादली भरली, पदर खोचला आणि रोजच्यासारखं एकेका रोपाच्या बुडाशी तांब्या-तांब्या पाणी घातलं. वालाची ओळ शेवटी होती. ती होईपर्यंत टेपवाला माणूस कडेला उभा राहिला.