पट्टीविना घोटे

पांढऱ्या चिकटपट्टीचा वास.

सामन्यांच्या दौऱ्यावर हॉटेलात दोघांत एक खोली. काळा काळ्याबरोबर, गोरा गोऱ्याबरोबर.

मोसम संपला की माझा पगार थांबायचा. मग माझी बायको व्हर्ना बेकरीत कामाला जायची.

आमच्या संघातल्या गोऱ्या डॉइल फेनरने तळ्याकाठी घर घेतलं. अमेरिका, एकोणीसशे सहासष्ट साल.

आमच्या बास्केटबॉल संघात सरावाचा शेवट ठरलेला. सगळ्यांनी ओळीने फ्री थ्रो टाकायचे, रेषेवर उभं राहून कुणाच्या अडथळ्याविना चेंडू बास्केटात. ज्याचा आधी चुकेल, त्याने एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. प्रश्न बहुधा बायकांबद्दलचे, उत्तरं त्याहून वाईट. त्या मंगळवारी डॉइलचा चुकला आणि विचारायची पाळी माझी होती.

"वर्षाचा पगार किती रे तुझा?"

पगार एकमेकांना सांगायचा नाही, ही मालकांची सक्त ताकीद. डॉइल चेंडू हातात फिरवत राहिला.

"बावीस हजार डॉलर. तुझा?"

"तेरा."

"थापा नको मारू, ल्यूशस."

"व्हर्नाला विचार. पीठ मळत असेल."

आम्ही दोघं एकाच वर्षी संघात आलो होतो. गुण माझे जास्त. मग बाकीच्या तिन्ही काळ्यांनी आपापले आकडे सांगितले. कुणीच माझ्यापुढे नव्हता.

शुक्रवारी सामना. प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत आम्ही तयार होत होतो. डोक्यावरच्या लाकडी बाकांवर लोक पाय आपटत होते. घोट्यांना पट्टी बांधणारा गस माझ्यापाशी आला. पट्टीशिवाय आमच्यात कुणी मैदानावर पाऊल ठेवत नाही. मी पाय मागे घेतला.

"आधी मालकांना बोलाव."

तिघांनीही पाय मागे घेतले. डॉइलचा एक पाय बांधून झाला होता. त्याने ती पट्टी केसांसकट ओढून काढली आणि देवाला दोन शिव्या घातल्या.

मालक प्रॅट आले. काय हवं, म्हणाले. मी सांगितलं : मला डॉइलइतकं, या तिघांना त्यांच्या जोडीच्या गोऱ्यांइतकं. त्यांनी आमच्यावरच्या उपकारांची आठवण करून दिली.

"उपकार रविवारी चर्चमध्ये करा, साहेब. आज शुक्रवार आहे."

छतावरून धूळ गळत होती. बाहेर पैसे भरून आलेलं अख्खं शहर बसलं होतं. प्रॅटनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आम्ही लिहून आणलेल्या चौघांच्या करारांच्या कागदांवर सह्या केल्या.

गसचे हात इतके भराभर कधी चालले नव्हते. आम्ही धावत बाहेर पडलो तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते. आत काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मी हात उंचावला आणि ते ओरडणं घेऊन टाकलं.

त्या आठवड्यात सरावात, मंगळवारचा तो एक सोडला तर, डॉइलचा एकही फ्री थ्रो चुकला नव्हता.