टाकीतले बुडबुडे

"सोड ती नळी," बाबा म्हणाले आणि माझ्या हातातून ओढूनच घेतली.

"अहो, पोरीलाच करू द्या," शेजारचे टायरवाले काका हसले. "मागच्या खेपेला खोकत खोकत टाकीतच पडणार होतात!"

आम्ही गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो. त्याला बुचं लावायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा, नळीतून हवा भरायची. बुडबुडे येतात तिथं भोक. मशीननं पण भरता येते हवा, पण जुना पातळ पत्रा मशीन फाडून टाकतं. तिथं तोंडच लागतं. अख्ख्या गल्लीत बाबांसारखा दम कुणाचा नव्हता. सिगरेटींनी तो खाल्ला. जिना चढले की धाप, सकाळ झाली की खोकला. मी शाळा सोडून दुकानात आले आणि नळी माझ्याकडे आली. बाबा नुसते बुडबुडे बघत बसायचे. बघताना पण सिगरेट!

माझी सटकली. दवाखान्यात ओढत नेलं त्यांना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत नाही येणार. पण आज सोडलीत तर उरलंय ते वाचेल, दमही सुधारेल. तलफ येते तशी जाते. तेवढा वेळ तोंडाला दुसरं काम द्या."

बाबांनी काम शोधलं. तलफ आली की नळी तोंडात, दुसरं टोक टाकीत. बुड बुड बुड.

"म्हशीला आंघोळ घालताय काय?" टायरवाले काका धूर सोडत विचारायचे.

सुरुवातीचे दिवस बेकार गेले. झोप नाही, पक्कड फेक, माझ्यावर खेकस. मी पण दुप्पट ओरडायचे. आणि एका दुपारी दुकानामागून धूर. वाटलं, यांनाच टाकीत बुडवावं. पण त्यांचा चेहरा पार पडला होता.

"गेलं सगळं पाण्यात," ते म्हणाले.

"एक ओढलीत ना? मग एकच गेली. आणा ते पाकीट." पाकीट मी टाकीत बुचकळलं आणि नळी त्यांच्या हातात दिली.

आणि आज, सहा महिन्यांनी, हा म्हाताऱ्या ट्रकचा रेडिएटर. पत्रा कागदासारखा. ट्रकवाला दारात नखं खात उभा.

बाबांनी नळी तोंडात धरली. गाल फुगले, मानेची शीर वर आली. पाणी ढिम्म. टायरवाल्या काकांचं हसू थांबलं. मी खोकल्याची वाट बघत पाण्याचा तांब्या धरून उभी.

एक बुडबुडा आला. मागून दुसरा. मग माळच लागली.

"सापडलं!" मी भोकावर बोट ठेवलं. तरी बाबा थांबेनात. "बास ना बाबा, सापडलं!"

खोकला आलाच नाही. तांब्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

भोक बुजवलं. ट्रकवाल्याच्या रेडिएटरचं झाकण रस्त्यात कुठंतरी पडलं होतं. बाबांनी फळीवरचं एक जुनं उचललं. वर्षानुवर्षं ते आणि टायरवाले काका त्यात राख झाडायचे. ब्रशनं खसाखसा घासलं, नवं रबर घातलं, रेडिएटरवर घट्ट फिरवलं. ट्रक गेला.

टायरवाल्या काकांनी सिगरेट पेटवली, सवयीनं फळीकडे हात नेला आणि चाचपडत राहिले.

"अहो, झाकण कुठाय?"

"कामाला लागलं," बाबा म्हणाले आणि पुढचा रेडिएटर टाकीत सोडला.