टपावरचा पंखा

रंगनाथ शेठ भला माणूस, हे मी आधीच सांगून टाकते. पेठहून आम्ही त्याच्या सायखेड्याच्या द्राक्षबागेत कामाला आलो, तेव्हा बाकीचे बागाईतदार फवारणीवाल्याच्या तोंडाला फडकं बांधून मोकळे होत. यानं फवारणीच्या छोट्या गाडीला काचेची बंद केबिन बसवून घेतली. म्हणाला, "हिरामणच्या नाकातोंडात औषध जायला नको."

हिरामण माझा नवरा. ऑक्टोबरच्या उन्हात त्या केबिनमध्ये त्याचा जीव नुसता उकडून निघायचा. दार उघडं ठेवून फवारू लागला की शेठ बांधावरून ओरडायचा. शेवटी शेठनंच तोड काढली, "टपाला भोक पाडून पंखा बसवू. हवा खेळली म्हंजी दार उघडायला नको."

वेल्डरनं विचारलं, पंख्यावर टोपी बसवायची का? शेठ नको म्हणाला. द्राक्षाचा मांडव बुटका, टोपी तारांत अडकली असती, कोवळ्या काड्या मोडल्या असत्या. मग भोकावर नुसती जाळी लागली. ते भोक पानांच्या अगदी खालून जायचं, आणि गाडीमागचा ब्लोअर त्याच पानांवर औषध उडवायचा. इतकी साधी गोष्ट, पण कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. मी तर शेठला दुवा दिला.

पहिल्या दिवशी हिरामण खुशीत जेवायला आला. डोकं जरा जड आहे म्हणाला, पण ते उन्हानं असेल.

"लय गार वाटतं गं. वरून बारीक तुषार येतात अंगावर."

"चैन हाय तुमची," मी म्हणाले.

पुढच्या फवारणीला गाडी मांडवातच थांबली. ब्लोअर चालूच होता. मी धावत गेले. शेठनं बजावलं होतं तसं दार घट्ट बंद होतं. आत हिरामण स्टिअरिंगवर पडलेला, तोंडातून लाळ, अंग घामानं निथळलेलं. वरचा पंखा त्याच्यावर औषध ओतत होता.

नाशिकच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

शेठ माझ्यासमोर पायरीवर बसून ढसाढसा रडला. "तृप्ते, त्याच्या भल्यासाठीच केलं गं मी."

ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला संताप आला. हरामखोर असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्यानं डोळे पुसले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तुमचा काय दोष शेठ, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

मी ते म्हटलं नाही.