समुद्राला सांगायचं नाव

नेसरीच्या गुऱ्हाळावर भीमाप्पा आला तेव्हा उसाच्या रसाची काहील उकळत होती. गूळ करणाऱ्या गुंडूनं लांबूनच हाळी दिली, "आलासा व्हय मामा? लेकीच्या बेटावर काय बघून आलासा?"

"ऊस," भीमाप्पा म्हणाला.

"आन् त्यासाठी इमानात बसलासा?" चुलवाणात चिपाडं सारत धोंडुबाई म्हणाली. सगळे हसले. भीमाप्पा हसला नाही.

बायको गेल्यावर लेक पवित्रा त्याला जबरदस्तीनं कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटावर घेऊन गेली होती. जावयाची नोकरी तिथली. एका सकाळी तिनं त्याला जुनं बंदर दाखवलं. किल्ला, गंजलेल्या तोफा, रंगीत लाकडी घरं. पाण्याच्या कडेला पडक्या साखर कारखान्याचं धुराडं, आणि त्याच्या सावलीत एक काळी म्हातारी उसाचा रस आटवत होती. वास आला तसे भीमाप्पाचे पाय तिकडं वळले.

गुऱ्हाळावर कुणी विचारून खात नाही. आल्या माणसानं हात पुढं करायचा. करवंटीत गरम काकवी काढून ठेवलेली दिसली. त्यानं बोट बुडवून चाटलं, वर शेजारच्या पर्यटकांनाही म्हणाला, "खावा की!"

म्हातारीनं करवंटीकडं बघितलं. मग पवित्राशी हळू बोलली. पवित्राचा चेहरा उतरला.

"अप्पा, तिची माणसं आफ्रिकेतनं धरून आणली हुती. हितंच काहिलीवर राबून मेली. पयली करवंटी त्यांच्या नावानं समुद्रात सोडती ती. तुमी उष्टी केलीसा."

चिकट बोट कुठं पुसावं तेही भीमाप्पाला कळेना. तो ते तसंच धरून उभा राहिला.

म्हातारी रागावली नाही. तिनं दुसरी करवंटी भरली, एकेक नाव मोठ्यानं घेतलं, मग भीमाप्पाकडं बघून काही विचारलं.

"तुमचं कोण गेलं असंल तर नाव घ्या म्हणती. मोठ्यानं. समुद्राला ऐकू जायला पायजे."

त्यानं तोंड उघडलं. नाव आलं नाही. लग्नात बायकांनी वाट अडवली तेव्हा कसंबसं पुटपुटला होता, तेवढंच. मग उभा जन्म "अगं" आणि "पवित्राची आई". बायकोला नावानं हाक मारली तर चारचौघं हसतील, एवढीच भीती. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही त्यानं लेकीकडंच बघितलं होतं.

आताही तिच्याकडंच बघितलं. पवित्रानं आईचं नाव घेतलं. करवंटी लाटेवर गेली. घरी जाताना लेक चार पावलं पुढंच चालत राहिली.

"धरा मामा." गुऱ्हाळावर गुंडूनं उसाच्या कांडक्यावर गरम गूळ पुढं केला. भीमाप्पाचा हात निघाला आणि थांबला.

"पयला बाजूला ठेव."

"कुणासाठी?"

भीमाप्पाचे कान तापले. "रत्नव्वासाठी."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी खाकरलं. धोंडुबाईच्या हातातलं चिपाड हातातच राहिलं. रत्नव्वाबरोबर तिनं जन्मभर शेतात भांगलण केली होती.

"ती असताना नाव घ्यायचं हुतं की दाजी," ती म्हणाली. "लई हौस हुती तिला."

"व्हय," भीमाप्पा म्हणाला, आणि त्यानं मान वर केली नाही.