कुशाबाईंचा मोर

हाती घेतलेलं काम माणसाने तडीस नेलंच पाहिजे, कारण अर्ध्यावर सोडलेलं काम माणसाचं चारित्र्य सांगतं. शीलाबाईंनी हे वाक्य नोकरीभर शाळेच्या फळ्यावर लिहिलं. त्या शाळेच्या कुंपणाची भिंत त्या रुजू झाल्या तेव्हा गुडघ्याएवढी होती आणि निवृत्त झाल्या तेव्हाही गुडघ्याएवढीच होती. पोरं तिच्यावर बसून खिचडी खायची. भिंतीच्या चारित्र्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

निवृत्तीनंतर बाई येडगावातल्या घरात एकट्याच राहिल्या. यजमान आधीच गेले होते. मुलगी सोनल नाशिकला. ती ऑफिसातून निघताना रोज फोन करून "जेवलीस का?" विचारायची. संध्याकाळी सहाला कोण जेवतं, हा विषय दोघीही काढत नसत.

दुपारी मात्र शेजारच्या कुशाबाई यायच्या. आधी त्या नुसत्याच बसायच्या. पण येडगावात घडून घडून किती घडणार? गावातल्या बातम्या संपल्यावर बाईंनी त्यांच्या हातात सुई दिली आणि फुलीचा टाका शिकवला. मग दोघींनी मिळून एक मोठं मॅटीचं कापड आणलं. नक्षी ठरली: मधे कलश, दोन्ही बाजूंना दोन मोर. एक मोर बाईंचा, एक कुशाबाईंचा. दोघींनी आपापल्या टोकाकडून भरत यायचं आणि कलशापाशी भेटायचं, असा करार.

पहिल्याच दिवशी कोपराला कोपर लागलं. कुशाबाई डावखुऱ्या निघाल्या.

"सरका की बाई तिकडं," कुशाबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाईचं ढोपर लई टोकदार. पोरं कशी भ्यायची ते आता कळलं."

"हे ढोपर नाही, कोपर आहे."

"लागलं ना? मग झालं तर."

शेवटी जागा बदलल्या. कुशाबाई ओट्यावरच्या बाकाच्या डाव्या अंगाला, बाई उजव्या अंगाला, कापड दोघींच्या मांडीवर. डाव्या हातामुळे कुशाबाईंच्या प्रत्येक फुलीतला वरचा टाका उलट्या अंगाला झुके. दोन्ही मोर एकाच लडीतले, पण ऊन पडलं की कुशाबाईंचा मोर निराळाच चमकायचा. भरतकामाच्या शास्त्रात ही चूक धरतात. बाईंनी जन्मभर चुकांखाली लाल रेघा मारल्या होत्या. ही त्यांनी चालू दिली.

मोर पिसाऱ्यापर्यंत आले आणि कुशाबाईंच्या मुलाचा, सुदर्शनचा, चाकणहून फोन आला. सून आरती पुन्हा नोकरीवर जाणार होती. नात सांभाळायला आई हवी होती.

"दोन महिने," कुशाबाई पिशवी भरताना म्हणाल्या. "पाळणाघर मिळंस्तवर. अन् हे बघा बाई, माझ्या मोराला हात लावायचा न्हाई. मी आले की मीच भरीन."

"नाही लावत."

"शप्पथ?"

"शिक्षिका शपथा घेत नाहीत," बाई म्हणाल्या आणि कापडाची घडी घालून ठेवली.

दोन महिन्यांत पाळणाघर मिळालं, पण नातीला ते पसंत पडलं नाही. मग दिवाळी आली. मग नात आजारी पडली, ती बरी झाली, आणि बरं झाल्यावर तिला आजीची सवय लागली. कुशाबाई फोनवर सांगत, "पुढच्या महिन्यात येतेच." हा पुढचा महिना मोठा चिवट होता. कितीही महिने गेले तरी तो पुढेच राहायचा.

इकडे बाईंनी आपला मोर पुरा केला. आपल्या बाजूचा अर्धा कलशही केला आणि बरोबर मधल्या रेघेवर थांबल्या. त्यानंतर त्या रोज दुपारी कापड मांडीवर घेऊन नुसत्या बसू लागल्या.

"बाई," पलीकडच्या आळीतल्या झुंबरबाई रस्त्यावरून जाताजाता म्हणाल्या, "मोर अंड्यावर बसवलाय का? लई दिस उठंना."

"मोर अंड्यावर बसत नाही. लांडोर बसते."

"मंग तिला तरी आणा कुठनं," म्हणत झुंबरबाई पुढे गेल्या. त्या कधी बसत नसत. बसायचं माणूस निराळं असतं.

होळी झाली आणि बाईंनी शब्द मोडला. तोही मोडायचा म्हणून नव्हे. कुशाबाई आल्या की त्यांना फार मागे पडल्यासारखं वाटू नये, एवढाच हेतू. पण उजव्या हाताने भरलं तर टाके सरळ झुकणार आणि मोर मधेच दुसऱ्याचा होणार. म्हणून बाई उठल्या, बाकाच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या आणि सुई डाव्या हातात धरली. बोटं टोचून घेतली. ज्या हाताने आजवर फक्त डस्टर धरलं होतं, त्या हाताने त्या वयाच्या साठीनंतर पिसारा भरायला बसल्या. एका दुपारी एक डोळा पिसाऱ्यातला, तोही तिरळा. उजवीकडची जागा रिकामी राहू लागली. आता ती कुशाबाईंची नव्हती, बाईंची होती. पण रिकामी जागा कोणाची आहे यावरून तिच्या रिकामेपणात फार फरक पडत नाही.

चैत्रात गावच्या यात्रेला कुशाबाई आल्या. एका दिवसापुरत्या, सुदर्शनच्या गाडीतून. नात खाली ठेवली की रडायची, म्हणून ती काखेतच होती. बाईंनी चहा केला आणि कापड पुढे पसरलं.

कुशाबाईंनी पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"इथनं म्होरं कुणी भरलंय?"

"का?"

"दारू पिऊन चालल्यागत फुल्या हायेत."

"मी भरलंय. डाव्या हाताने."

"डाव्या? अन् ते का वो?"

"तुमचे टाके डावे आहेत. मोर एकसारखा दिसायला हवा."

कुशाबाई हसू लागल्या. काखेतली नातही हसायला लागली. हसता हसता कुशाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पदर तसाच हातात धरून ठेवला.

"बाई, घर दिलं भाड्यानं. आळेफाट्याच्या ग्यारेजवरची पोरं राहणार हायेत. सुदर्शन म्हनला, बंद ठिवून काय करायचं." मग घाईघाईने म्हणाल्या, "मोर तुमीच पुरा करा. उजव्या हातानं करा सरळ. कुणाला कळतंय?"

"कळतं."

"कुणाला पन?"

बाईंनी नातीच्या मुठीतून दोऱ्याचं टोक अलगद सोडवलं आणि कापडाची घडी घातली. बाहेर सुदर्शनने हॉर्न वाजवला.

ती घडी ट्रंकेत गेली, वर उन्हाळ्यात लागत नाहीत त्या रजया आल्या. आठवडाभराने बाई एसटीने आळेफाट्याला गेल्या. भरतकामाच्या दुकानदाराने मॅटीचा तागा उलगडला.

"मोठंच घ्या बाई. मागच्यासारखं."

"नको. एका मांडीवर मावलं पाहिजे."

"मग एवढ्यात काय बसणार? एखादा पक्षी बसंल फार तर."

"बसू दे," बाई म्हणाल्या.

हल्ली त्या दुपारी बाकाच्या मधोमध बसतात आणि उजव्या हाताने बगळा भरतात. बगळा पांढरा असतो आणि कापडही पांढरंच असतं, त्यामुळे चोच आणि पाय सोडले तर भरायचं असं काही नसतं.