हौदातली दानम्मा

लातूर जिल्हा नवा झाला आणि चाकूरजवळच्या त्या गावाला शाळेसाठी नवी खोली मिळाली. लांबलचक, वर पत्रे. तोवर बालवाडी मठाच्या ओवरीत भरायची. तिथल्या जाड भिंतींच्या अंधूक उजेडात पाच वर्षांची दानम्मा खांबाआड चिंचोके मांडत बसायची. बोलायची नाही, पण रमायची. नव्या खोलीत मात्र शेजारी बसलेली मोठी पोरं पाढे म्हणू लागली की पत्रे घुमायचे आणि ती कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची.

"बाहेरचं असंल," लोक म्हणायचे. बालवाडीच्या शिवकांताबाईंना ते पटत नव्हतं. पण मग काय, हेही सांगता येत नव्हतं.

त्यात दुष्काळ. एका सकाळी शाळेचा जमिनीतला हौद भरायला टँकर आला. बायका धावल्या, घागरी आदळल्या, एकच कालवा झाला. बाईंनी वळून पाहिलं, तर दानम्मा जागेवर नाही. शोधत त्या हौदापाशी आल्या. ड्रायव्हर आत पाइप सोडत होता आणि झाकणाजवळ एक चिमुकली चप्पल पडली होती.

"थांबवा! पोरगी हाय आत!"

पदर खोचून त्या उतरल्या. कोरड्या, गार अंधारात दानम्मा भिंतीला टेकून बसली होती. इतकी शांत तिला त्यांनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ओढा की भायेर!" वरून घागर घेऊन उभी असलेली साखराबाई ओरडली. "टँकर जाईल निघून!"

"तुम्ही गप व्हा, म्हणजे येईल ती."

गप कोण होतंय! शेवटी बाईंनी तिला उचललं, तेव्हा ती त्यांच्या हाताला कडकडून चावली.

"उद्यापास्नं तिला आणू नका," हेडमास्तर मलप्पा गुरुजी म्हणाले. "जीव गेला असता म्हंजे?"

"सामानाची खोली द्या मला. लहान हाय, वर पत्रे न्हाईत."

"एका लेकरासाठी?"

"हाव."

गुरुजींनी नाखुशीनं किल्ली दिली. बाईंनी मोडकी बाकं काढली, खिडकीला डाळमिलची पोती टांगली आणि दानम्माला परत शाळेत आणायला तिच्या घरी गेल्या. तिची आई पार्वतम्मा दारातच उभी राहिली. आत दानम्माचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाजेला बांधला होता.

"पुन्हा हौदात गेली तर, बाई? आता पाणी हाय त्यात."

"मी असते की तिथं."

"त्या दिशीबी होतात."

बाई ओट्यावर बसून राहिल्या. पार्वतम्मानं त्यांना आत या म्हटलं नाही.